गावठी कुत्रा : एका प्राचीन जातीची ओळख

ठाणे नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाले आणि बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत परिसरातील २७ गावे समाविष्ट करण्यात आली. गावे शहरात आली, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, खळी नाहीशी झाली, गोठे मोडले. गोठ्याच्या दाराशी बसणारा कुत्रा मात्र आपल्या जागीच राहिला. कालपर्यंत त्याला ‘गावचा कुत्रा’ म्हणत, आज त्याची नोंद ‘मोकाट कुत्रा’ अशी होते.

या प्राण्याविषयी आपल्याकडे तक्रारअर्ज पुष्कळ येतात, पण माहिती फारशी नसते. परदेशी जातीच्या कुत्र्यांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. गावठी कुत्रा ही स्वतंत्र आणि अतिशय प्राचीन जात आहे, हे मात्र सुशिक्षितांनाही सहसा ठाऊक नसते. तिच्या लक्षणांचा अभ्यास केवळ कुतूहलाचा विषय नाही. श्वानदंश, अलर्क म्हणजेच रेबीज रोगाचे नियंत्रण, कचऱ्याची व्यवस्था आणि शाळकरी मुलांची सुरक्षितता या चारही प्रश्नांची उकल या लक्षणांशी निगडित आहे.

जात म्हणजे काय?

कुत्र्यांच्या ज्या जाती आपण नावानिशी ओळखतो, त्यांपैकी बहुतेकांचे आजचे रूप गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतील आहे. इंग्लंडमध्ये १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पहिले श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये ‘केनेल क्लब’ची स्थापना झाली. ठराविक नर आणि ठराविक मादी यांचा संयोग घडवून आणावयाचा, हवे ते रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाचे आणि वंशावळीची नोंद ठेवावयाची, ही पद्धत त्यानंतर रूढ झाली. आपल्याकडील कारवानी कुत्राही मुख्यत्वे शिकारीसाठी माणसाने जोपासलेला आहे.

गावठी कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे रूप कोणी ठरविले नाही. उष्ण हवामान, अपुरे अन्न, साथीचे रोग, रानातील शत्रू आणि माणसाचा सहवास या कसोट्यांवर जे टिकले, त्यांचीच प्रजा पुढे वाढली. अशा रीतीने निसर्गनिवडीतून घडलेल्या जातीला शास्त्रज्ञ ‘नैसर्गिक जात’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील डिंगो, आफ्रिकेतील काँगो खोऱ्यातील बसेंजी आणि इस्रायलमधील कनान कुत्रा हे या प्रकारचे दूरचे सोयरे होत. हजारो मैलांचे अंतर असूनही या सर्वांची अंगकाठी एकमेकांशी विलक्षण मिळतीजुळती आहे.

इंग्रजांनी आपल्या कुत्र्याला ‘परिया डॉग’ असे नाव दिले. तमिळ प्रदेशातील एका समाजाच्या नावावरून इंग्रजी भाषेत ‘बहिष्कृत’ अशा अर्थाचा जो शब्द रूढ झाला, तोच येथे वापरला गेला. माणसांना हिणविणारे नाव अशा रीतीने प्राण्यालाही चिकटले. अलीकडे अभ्यासक त्याऐवजी ‘इंडियन नेटिव्ह डॉग’ किंवा संक्षेपाने ‘इंडॉग’ असे नाव वापरतात. आपला ‘गावठी’ हा शब्द मात्र सर्वार्थाने योग्य आहे, कारण गाव हेच या जातीचे घर होय.

पुराव्यांची साखळी

कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी. ही मैत्री किमान १४,००० वर्षांची आहे, असे युरोपातील उत्खननांवरून दिसते. भारतीय उपखंडातील पुरावेही लक्षणीय आहेत. काश्मीरमधील बुर्झाहोम या नवाश्मयुगीन वसतिस्थळी माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्यांचे अवशेष सापडले. सिंधू संस्कृतीतील चान्हुदडो येथील एका विटेवर मांजर आणि कुत्रा या दोघांच्याही पावलांचे ठसे उमटलेले आहेत. ओल्या विटेवरून मांजर धावले आणि मागोमाग कुत्रा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्रात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझची चार शिल्पे सापडली. त्यांपैकी बैल जुंपलेल्या रथाच्या शिल्पात सारथ्याच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक छोटा कुत्रा उभा आहे. गाडीवानाबरोबर निघालेला कुत्रा आजही आपल्या ग्रामीण रस्त्यांवर दिसतो.

धर्म आणि लोकजीवन यांतही या प्राण्याला स्थान आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चित्रात पायांशी चार कुत्रे असतात, भैरवाचे वाहन कुत्रा आहे आणि जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारातही कुत्रा आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. एकेकाळी ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांतही पाड्यातील माणसांच्या आणि गुरांच्या जोडीला कुत्रा रेखाटलेला असतो.

शरीरलक्षणे

अस्सल गावठी कुत्रा मध्यम बांध्याचा असतो. नराची खांद्यापाशी उंची सर्वसाधारणपणे ५० ते ६३ सेंटिमीटर आणि वजन २० ते ३० किलोग्रॅम असते. मादी त्याहून थोडी लहान असते. अंग सडपातळ, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय लांब व सरळ असतात. डोके पाचरीच्या आकाराचे असून तोंड पुढे निमुळते होत जाते. डोळे बदामी आकाराचे आणि गडद तपकिरी. कान टोकदार व उभे असतात आणि आवाजाच्या दिशेने चटकन वळतात. केस आखूड व दाट असतात. रंग बहुधा तांबूस किंवा तपकिरी असून छाती, पंजे आणि शेपटीचे टोक यांवर पुष्कळदा पांढरे ठिपके असतात.

शेपटी हे सर्वांत ठळक लक्षण. ती पाठीवर वळलेली असते आणि कुत्रा उत्तेजित झाला की उंच उभारली जाते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे गावठी कुत्राच असला पाहिजे.

या प्रत्येक लक्षणामागे कारण आहे. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकीत तो शरीर थंड ठेवतो. अशा वेळी आखूड केस आणि सडपातळ अंग उन्हाळ्यात उपकारक ठरते, तर पावसाळ्यात भिजलेले अंग लवकर वाळते. मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ भागात किंवा उल्हास नदीच्या काठी जून ते सप्टेंबर उघड्यावर काढणाऱ्या प्राण्याला याहून सोयीचे अंग लाभणे कठीण. काही परदेशी जातींत आढळणारे खुब्याच्या सांध्याचे किंवा श्वसनाचे आनुवंशिक विकार या जातीत क्वचितच दिसतात. जगातील गावकुत्र्यांच्या जनुकीय अभ्यासात वंशावळीच्या जातींपेक्षा त्यांच्यात अधिक विविधता आढळली आहे. शरीर काटक राहण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

शहरात आढळणारा प्रत्येक मोकाट कुत्रा अस्सल गावठी असतोच असे नाही. हौसेने आणलेले आणि नंतर रस्त्यावर सोडून दिलेले परदेशी जातीचे कुत्रे गावठी कुत्र्यांत मिसळतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे लोंबते कान, लांब केस किंवा आखूड पाय असलेले जे कुत्रे दिसतात, ते अशा संकराचे फळ होय. मूळ रूप पाहावयाचे तर दूरच्या पाड्यांकडे जावे लागते.

स्वभावलक्षणे

या जातीचे पहिले स्वभावलक्षण सावधपणा. विद्यार्थ्याच्या लक्षणांत ‘श्वाननिद्रा’ गणली जाते, ती उगाच नव्हे. दुसरे लक्षण भुंकणे. अनोळखी पाऊल वाजले की एक कुत्रा भुंकतो आणि क्षणार्धात सारी आळी जागी होते. पाड्यावर बिबट्या आला, खळ्यावर चोर आला किंवा गोठ्यात साप शिरला, तर पहिली सूचना कुत्र्याकडूनच मिळत असे.

तिसरे आणि प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे हद्द. गावठी कुत्रे लहान-लहान टोळ्यांनी राहतात. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते आणि परक्या कुत्र्याला ती आत येऊ देत नाही. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, या म्हणीत प्राणिशास्त्रातील एक सत्यच सांगितले आहे.

चौथे लक्षण माणसाची पारख. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील संशोधकांनी मोकाट कुत्र्यांवर दीर्घकाळ अभ्यास केला आहे. माणसाने बोटाने दाखविलेली दिशा हे कुत्रे कोणत्याही शिक्षणाशिवाय ओळखतात, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असेही दिसले की, अनोळखी माणसाविषयी विश्वास निर्माण होण्यास वारंवार दिलेल्या अन्नापेक्षा मायेचा स्पर्श अधिक परिणामकारक ठरतो. त्याचप्रमाणे दगड उचलणारा हातही हा प्राणी विसरत नाही. ज्या वस्तीत कुत्र्यांना सतत मारले जाते, तेथील कुत्रे अधिक बुजरे आणि म्हणून अधिक धोकादायक होतात.

भाद्रपद ते पौष

पुष्कळ परदेशी जातींच्या माद्या वर्षातून दोनदा माजावर येतात. गावठी मादी बहुधा वर्षातून एकदाच येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः भाद्रपदात, कुत्र्यांचा समागमकाळ असतो, हे आपल्या शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे बहुसंख्य पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि पौषापर्यंत आईच्या आसपास असतात.

या वेळापत्रकाचे दोन व्यावहारिक अर्थ आहेत. भाद्रपदात नरांच्या टोळ्या एकत्र येतात, त्यांची आपापसांत भांडणे होतात आणि मध्ये सापडणाऱ्या माणसाला चावा बसण्याचा संभव वाढतो. पुढे हिवाळ्यात पिलांची आई जवळ येणाऱ्यावर धावून जाते. पिलू उचलावयास जाणारे मूल तिच्या दृष्टीने शत्रूच असते. दिवाळीनंतर शाळा सुरू होतात त्या सुमारास मुलांना ही सूचना अवश्य दिली पाहिजे.

पिलांचे जीवनही खडतर असते. उपर्युक्त संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६४ पिलांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि ६३ टक्के मृत्यूंना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारण होता. याचा अर्थ असा की, अन्न वाढले आणि स्पर्धा कमी झाली, तर याच पिलांपैकी पुष्कळ अधिक जगू शकतात.

गाव बदलले, कुत्रा बदलला नाही

जुन्या गावात कुत्र्याचे अन्न मोजके होते : घरातील उरलेला तुकडा आणि उकिरड्यावरील खरकटे. त्यामुळे त्यांची संख्याही मोजकी राही. नागरीकरणाने हे गणित बिघडविले. बाजारपेठा, खाद्यपदार्थांच्या गाड्या, मांस-मासळीची दुकाने आणि उघड्या कचराकुंड्या यांतून बाराही महिने अन्न मिळू लागले. कल्याणच्या आधारवाडी येथे अनेक दशके शहराचा कचरा उघड्यावर साठत राहिला. २०२१ मध्ये तेथे कचरा टाकणे बंद झाले. जेथे कचऱ्याचा ढीग, तेथे कुत्र्यांची मोठी टोळी, हे चित्र लहानमोठ्या प्रत्येक वस्तीत आढळते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार मोकाट कुत्र्यांची नोंद झाली.

ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचे जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या भागाला लागून वस्त्या वाढल्या. कचऱ्याकडे कुत्रे आले आणि कुत्र्यांकडे बिबट्या. या उद्यानातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. उघड्या कचऱ्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उपायांची दिशा

कुत्र्यांना मारून टाकणे हा उपाय जुना आहे. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी आदेशावरून मुंबईत पारशी समाजात क्षोभ उसळला आणि दंगल झाली. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मुंबईत कुत्रे मारण्याची पद्धत चालू होती आणि कुत्रे नाहीसे झाले नाहीत. त्याचे कारण हद्दीच्या लक्षणात आहे. एक टोळी नाहीशी झाली की अन्नाची जागा रिकामी पडते. शेजारचे कुत्रे तेथे येतात, भांडणे होतात आणि नवी पिल्ले अधिक संख्येने जगतात. लसीकरण झालेले कुत्रे जाऊन लस न दिलेले येतात, ही हानी वेगळीच.

निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच हद्दीत सोडणे, ही पद्धत या लक्षणाचा उपयोग करून घेते. तो कुत्रा परक्यांना येऊ देत नाही, स्वतः प्रजा वाढवीत नाही आणि रेबीजचा प्रसारही करीत नाही. केंद्र शासनाने २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण (कुत्रे) नियम केले आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. महानगरपालिका, नगरपालिका आणि पंचायती यांनी हा कार्यक्रम राबवावयाचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच दिलेली असते. आपल्या वॉर्डात किंवा गावात अशी खूण असलेले कुत्रे किती आणि नसलेले किती, एवढी साधी मोजणीही कामाची प्रगती सांगू शकते.

येथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजची साखळी तोडण्यासाठी एखाद्या क्षेत्रातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे लागते. चार गल्ल्यांत थोडे-थोडे काम करण्यापेक्षा एक क्षेत्र पूर्ण करून पुढे सरकणे अधिक फलदायी होय. निर्बीजीकरणाची मोहीम भाद्रपदापूर्वी, शक्यतो पावसाळा सुरू होण्याआधी, पार पडली तर त्याच वर्षी परिणाम दिसू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्याचे तत्त्व मान्य केले. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्रे हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचे आदेश दिले. अशा आवारांना कुंपण, बंद फाटक आणि उष्ट्या अन्नाची तत्काळ विल्हेवाट यांची जोड असली पाहिजे. शाळेत माध्यान्ह भोजनाचे खरकटे कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने विचारावा. आवारात अन्न पडत राहिले, तर हलविलेल्या कुत्र्याची जागा दुसरा घेईल.

शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी

रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळेवर उपचार केल्यास हा मृत्यू हमखास टळू शकतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक शाळेत आणि ग्रामसभेत सांगितल्या गेल्या पाहिजेत.

चावा किंवा ओरखडा कितीही लहान असला, तरी जखम ताबडतोब साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तीवर हळद, मिरची, चुना किंवा तेल लावू नये. जखम बांधून ठेवू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जावे. आता पोटात चौदा सुया घ्याव्या लागत नाहीत. लस दंडात किंवा त्वचेत देतात, आणि त्वचेत द्यावयाच्या पद्धतीत ती पहिल्या, म्हणजे शून्य, दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

मुलांना दुसरा धडा कुत्र्याच्या भाषेचा द्यावा. ताठ शरीर, रोखलेली नजर आणि गुरगुर ही इशाऱ्याची चिन्हे होत. अशा वेळी पळू नये. पळणाऱ्यामागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. ओरडू नये, हात अंगाशी घेऊन स्थिर उभे राहावे आणि हळूहळू मागे सरावे. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण मुलांना शिकवू नये, कारण ती खरी नाही. शेवटी, चावा बसल्याचे घरी सांगितल्यास रागावणार नाही, असा विश्वास पालकांनी मुलांना दिला पाहिजे. मारच्या भीतीने लपविलेला चावा सर्वांत घातक ठरतो.

गावठी कुत्र्याचा सावधपणा, भुंकणे, हद्दीची ओढ आणि खरकट्यावर जगण्याची शक्ती या गुणांमुळेच गावाने त्याला हजारो वर्षे जवळ ठेवले. शहरात तेच गुण तक्रारीचे विषय झाले आहेत. ते बदलणे आपल्या हाती नाही. कचरा झाकणे, लसीकरण पूर्ण करणे, मोहिमेचे वेळापत्रक ऋतू पाहून आखणे आणि मुलांना शहाणे करणे मात्र आपल्या हाती निश्चित आहे. ज्या ग्रामपंचायती आज शहराच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना ही तयारी आधीच करून ठेवण्याची संधी आहे. पहिली इमारत उभी राहण्यापूर्वी आपल्या गावातील कुत्र्यांची एक साधी मोजणी करून या कामाचा आरंभ त्यांना करता येईल.